बहात्तरावं मत

"लायनेल, एकाहत्तर. ओवेन, बहात्तर."

सर्दीने बसलेला तो रेडिओवरचा आवाज सत्तावीस वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरात उमटला होता. मर्टलला तो अजून ऐकू यायचा. विधानसभेच्या निवडणुकीचा निकाल ऐकायला चौघं टेबलाभोवती बसली होती. मर्टल, तिचा नवरा सिरिल, शेजारच्या फार्मवरचा लायनेल आणि त्याची बायको ग्वेन. आवाज थांबला. लायनेलने मान वळवून सिरिलकडे पाहिलं. आठवडाभरापूर्वीच जळणाची पीट-माती कुणी कुठून कापायची, यावरून दोघांचं वाजलं होतं.

त्या दिवसापासून लायनेल या घरात शेजारी म्हणून आला नाही; पुढे आला तो फक्त विधानसभेचा सभासद म्हणून.

पुढच्या निवडणुकीला तो जिंकला आणि मग जिंकतच गेला. ते एक मत कुणाचं, या संशयानेच त्याला चांगला सभासद केलं. पश्चिम फॉकलंड बेटावरचं एकही दार त्याने सोडलं नाही. चहा प्यायचा, माणसांचे डोळे वाचायचा, जाताना काहीतरी कबूल करायचा आणि केलेलं कबूल पाळायचाही. कुणाला टेलिफोन दिला, कुणाला बोटीचा धक्का, सगळ्यांना रस्ता. सिरिलच्या फाटकाशी मात्र रस्ता आला नाही. चार मैल अलीकडेच थांबला.

आज तो पुन्हा त्याच टेबलाशी बसला होता. दुसऱ्या दिवशीच्या विमानात कोण कोण बसणार ते संध्याकाळी रेडिओवर वाचून दाखवतात. काल त्यात दोन नावं लागोपाठ आली होती. लायनेल दौऱ्यावरून राजधानीला, स्टॅन्लीला परतत होता, आणि सिरिलला तिथल्या इस्पितळात हलवायचं होतं. नावं ऐकून सिरिलने सकाळीच मर्टलकडून दाढी करून घेतली. "परत येईन न येईन," म्हणाला, "त्याच्यापुढे गबाळा नको."

बाहेर पांढरं गवत वाऱ्याने एका अंगावर निजलं होतं. वारा चढायच्या आत निघू, अर्धा तास आहे, असं पायलट सांगून गेला होता.

"साखर किती?" मर्टलने विचारलं.

"तू घालशील तेवढी."

"अरे वा! आमच्या हातच्या साखरेचा संशय नाही येत वाटतं?"

लायनेल हसला नाही. चहा ढवळत राहिला.

"आला का गं तो?" आतल्या खोलीतून सिरिलने हाक दिली. "विचार त्याला, आमचा रस्ता कुठल्या गवतात चरायला गेलाय!" पुढचं खोकल्यात बुडालं.

लायनेल उठला आणि आतल्या दाराशी उभा राहिला. उंबरा ओलांडला नाही.

"सिरिल, आता तरी सांग. मी रागावणार नाही. नुसतं कबूल कर."

"तुलाच दिलं होतं रे गाढवा."

"मग माझा हिशोब चुकला कुठे? घरन् घर धरून बहात्तर नावं लिहिली होती मी. त्यात कच्चा तू एकटाच."

"बस मोजत," सिरिल म्हणाला. "मी दमलो बाबा आता."

लायनेल माघारी आला. टेबलावरची टोपी उचलून त्याने हळूच, आत ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "असाच जाणार हा. खोटा तो खोटाच."

मर्टलच्या ओठांशी एक नाव आलं. किती वर्षं ते तिने चहाच्या घोटाबरोबर गिळलं होतं. ग्वेन होती तोवर ग्वेनसाठी, आणि दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली, तेव्हापासून तिच्या नावासाठी. पण आत एक माणूस गुळगुळीत दाढी करून पडला होता. अर्ध्या तासात त्याला या माणसाच्या शेजारी बसवून पाठवायचं होतं, आणि तेही खोटा म्हणून.

बाहेर विमानाचं इंजिन सुरू झालं.

"लायनेल, बस."

"उशीर होतोय."

"बस म्हणते ना!"

तो बसला. मर्टल उभीच राहिली. दोन्ही हात टेबलावर टेकवून म्हणाली,

"ते मत ग्वेनचं होतं. मतं घेऊन मतपेटी पुढच्या फार्मला गेली आणि ती इथेच, तुझ्या त्या खुर्चीत बसून रडली. कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. एवढंच म्हणाली, 'एक हिवाळा तरी माझा माणूस मला घरात हवाय गं, मर्टल.'"