आठ गाड्यांची जागा

“नाव काय म्हणलात?” सरजाबाईने तिसऱ्यांदा विचारलं.

“आनंद,” आनंदराज म्हणाला. नावातला ‘राज’ त्याने तिसऱ्यांदा गिळला.

“अन् आडनाव?”

“आम्ही नांदेडचे, मावशी. उद्या आठ गाड्या येतील, तीन दिवस राहतील. घाण करणार नाही. चूल पेटवली तर विझवून जाऊ.”

हे काही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. म्हातारीलाही ते कळलं. पदर तोंडाला लावून ती त्याच्या टेम्पोकडे बघत राहिली. टेम्पोच्या आत पलंग होता, शेगडी होती, भांडी घासायला बेसिनसुद्धा होतं. चाकांवर घर घेऊन हिंडणाऱ्या माणसाला ते उभं करायला जागा मिळू नये, ही गंमतच. पण आनंदराजला आता ती अजिबात गंमत वाटत नव्हती.

नांदेड आणि लातूरकडची अशी आठ कुटुंबं दर डिसेंबरला आपापल्या गाड्या घेऊन कुठेतरी जमायची. जागा शोधायचं काम यंदा त्याने हौसेने मागून घेतलं होतं. आठवडाभरात दोन शेतमालक आधी ‘या की’ म्हणाले. मग त्यांनी पूर्ण नाव ऐकलं आणि दोघांच्याही शेतात एकाएकी हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ झाली. ग्रुपवर त्याने टाकलं, ‘जमीन ओली आहे, दुसरी बघतो.’ खोटं लिहिल्याची त्याला लाज वाटली, आणि ते आपल्यालाच का लिहावं लागतंय याचा संताप त्याहून जास्त आला.

आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळपर्यंत ठिकाण कळवायचं, सकाळी गाड्या निघणार.

आणि जागा तर अशी की बघत राहावं. इस्लापूर सोडून थोडं पुढे, पैनगंगेच्या वरच्या अंगाला. काळ्या रानात चाकं रुततात, इथे खाली खणखणीत मुरूम होता. गाडी वळवायला ऐसपैस माळ, वाऱ्याला सागाचा आडोसा. माळाच्या कडेला सरजाबाईचं एका खोलीचं घर. आनंदराज आणि त्याची बायको रूपाली येताना दिसली तेव्हाच तिने दार ओढून कडी घातली होती. आनंदराजने ते बरोबर हेरलं होतं.

“पाण्याचं कसं करायचं, मावशी?” रूपालीने विचारलं.

“हिर हाय माझी. पर तुमी हिरीवर नका जाऊ. रोडला हापसा हाय, तितून भरून आना.”

“का? विहिरीचं पाणी खराब आहे का?”

“न्हाई. लई ग्वाड हाय.”

या भागात वाटसरूला आधी पाणी विचारतात आणि मग गाव. ही दोघं दोन तास उन्हात उभी होती आणि गाव चार वेळा विचारून झालं होतं.

“येनारात कोन कोन हायत?” सरजाबाईने विचारलं.

“सगळे आहेत. डॉक्टर आहेत, मास्तर आहेत, एक बँकेतले.”

“ते न्हाई इचारून राहिले मी.”

आनंदराजच्या कानशिलात रक्त चढलं. रूपालीने त्याला बाजूला नेलं.

“भगवानरावांना फोन लावा,” ती हळूच म्हणाली. “त्यांच्या नावावर पाच मिनिटांत मिळेल.”

मिळालीच असती. भगवानराव ग्रुपमधले सगळ्यांत ज्येष्ठ, माणूस सज्जन. ‘अरे, एवढंच ना’ म्हणून त्यांनी हसत हसत काम केलं असतं. आनंदराजला नेमकं तेच हसू नको होतं.

“आपल्या नावावर नाही मिळाली तर मी येणारच नाही उद्या,” तो म्हणाला.

“येऊ नका. पण मग खरं कारण तरी सांगा सगळ्यांना. ओल्या जमिनीचं पुरे झालं.”

तो तडक सरजाबाईसमोर जाऊन उभा राहिला. आवाज थरथरू नये म्हणून जरा मोठ्यानेच बोलला.

“आनंदराज सोनकांबळे. आता सांगा, जागा द्यायची का नाही. फक्त हरभऱ्याचं सांगू नका.”

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. मग रूपालीकडे पाहिलं. ती वळली, कडी काढून घरात गेली.

“झालं,” आनंदराज म्हणाला. “बस गाडीत.”

रूपाली बसली. त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. मोबाइल काढला आणि ग्रुपवर लिहिलं, ‘जागा मिळाली नाही. मी आडनाव सांगितलं आणि बाई पाठ फिरवून आत गेली. आधीच्या दोन जागाही ओल्या नव्हत्या.’ रूपालीने वाचलं, मान हलवली. त्याने पाठवून दिलं. छातीवरचं ओझं उतरलं आणि त्याच वेळी रडूही आलं. ग्रुपवर एकेकाने वाचल्याच्या खुणा उमटू लागल्या. भगवानराव काहीतरी लिहीत होते.

खिडकीच्या काचेवर टकटक झाली.

बाहेर सरजाबाई उभी होती. तिच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या होता आणि डोळेही भरलेले होते. आनंदराजने काच खाली घेतली.

“दोन तासापासून तान्हेलं ठेवलं रं लेकरा तुमाला,” ती म्हणाली. “मला वाटलं, पानी पिऊन झाल्यावर तुमी माझं आडनाव इचारताल.”