कॉकपिटची काच

आमच्या ब्रनोच्या मॉडेल बनवणाऱ्यांच्या क्लबच्या अंकासाठी मी सुटे भाग जोडून केलेल्या एका छोट्या प्लास्टिकच्या लढाऊ विमानाचं परीक्षण लिहीत होतो. सगळे भाग चोख बसले होते. उणीव एकच लिहिली: आत वैमानिक दिलेला नाही.

असल्याच विमानातून आत्याचा भाऊ, माझा काका बोहुश, युद्धात समुद्रावर गेला होता. तो परत आलाच नाही.

दुपारी कॉकपिटची काच आतून धुरकटली.

"सुपरग्लू लावलास ना, गाढवा?" माझा मित्र राडिम हसला. "त्याच्या वाफेनं होतं."

"अरे, काच नुसती ठेवलीय."

मी ती पुसून परत ठेवली. कॉफी निवायच्या आत ती पुन्हा धुरकटली.

टेबलापाशी बसलेल्या आत्यानं खुर्ची जवळ ओढली. "तिथलं पाणी फार गार असतं रे," ती म्हणाली.

आम्ही तिघं बघत असतानाच त्या धुरकट काचेवर मोहरीएवढा ठिपका आतून पुसला गेला. आत्याच्या बाजूला.