काठीचं वय

त्या गुरुवारीही पोलादपूरजवळच्या दर्ग्यात मुजावर हसनमियां पीरबाबांच्या काठीचा इतिहास रंगवून सांगत होते. "ही काठी पाचशे वर्षांची हाय."

खांबाला टेकलेले अप्पा खाकरले. महाडच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस. खोटं कानावर पडलं की त्यांचा घसा आपोआप खवखवे.

"बरं गुरुजी, तीनशे," हसनमियां घासाघीस केल्यासारखे म्हणाले. अप्पांशेजारी बसलेली त्यांची मुलगी मैथिली नेहमीप्रमाणे ओशाळली.

दुसऱ्याच दिवशी अप्पा गेले.

महिन्याभराने ती एकटीच एसटीने आली. खांबापाशी कुणीच नव्हतं.

"ही काठी पाचशे वर्षांची हाय."

खांबापासून तेच खाकरणं आलं.

"बरं गुरुजी, तीनशे." हसनमियां तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "दर गुरुवारी हेच. वाटलं, आता तरी सूट देतील. पण नाय! तू कशी हायस, पोरी?"

"मी बरी आहे, चाचा."

पुन्हा खाकरणं आलं, या वेळी अगदी तिच्या कानाशी.

मैथिलीने मान वळवली नाही.

"नाही हो अप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "तुमच्यावाचून मला मुळीच करमत नाही."