अजून बारा पत्रं

“आई, खरं सांगायचं हं. ही पत्रं तू लिहितेस तरी कधी?”

प्रश्न टिल्डाचा, पण पैज तिच्या शिबिरातल्या मैत्रिणींची, मार्गो आणि कॅसिडीची. दोघी तळ्याच्या धक्क्यावर पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या आणि इकडेच बघत होत्या. विचारायची हिंमत झाली नाही, तर आठवडाभर संडास टिल्डाने धुवायचे, असं ठरलं होतं.

शिबिरातला भेटीचा रविवार. मैदानभर गाड्या आणि चादरी. टिल्डाचे आईबाबा चार तास गाडी हाकत आले होते. आई बटाट्याच्या सॅलडचा डबा उघडत होती, ती थांबली.

“म्हणजे?”

“म्हणजे तीस पत्रं आली, पण एकाही पाकिटावर तिकीट नाही, शिक्का नाही. सगळी एकाच निळ्या शाईतली. आणि सोळा तारखेला तू लिहितेस, ‘आज काय सुंदर ऊन पडलंय!’ कॅसिडी आपल्या शेजारच्याच गावची. तिच्या आईने लिहिलंय, सोळाला रस्त्यात गुडघाभर पाणी होतं. बोल, पकडलं की नाही?”

बाबा हसले. जरा जास्तच हसले.

“पकडलं बुवा! जूनमध्येच लिहून ठेवली होती सगळी. बेचाळीस. इथल्या ऑफिसात दिली, रोज नाश्त्याला एक द्या म्हणून. बरेच आईबाप करतात असं. तुझा एक दिवससुद्धा पत्रावाचून जायला नको, म्हणून.”

टिल्डाने धक्क्याकडे बघत दोन्ही हात उंचावले. जिंकली! मग हात तसेच राहिले.

“आणि आजोबांची ओळ?”

प्रत्येक पत्राच्या तळाशी आजोबांची एक ओळ असायची, पेन्सिलीने लिहिलेली, उजवीकडे घसरत जाणारी. ‘टोमॅटो अजून हिरवेच.’ ‘एक खारीने पळवला. मी बघून न बघितल्यासारखं केलं.’ आज सकाळच्या पत्रात होतं, ‘पहिला लाल झाला. तुझ्यासाठी ठेवलाय.’

“तीही त्याच दिवशी लिहिली,” बाबा म्हणाले. “टेबलापाशी समोरच बसले होते. मी तारीख सांगायचो, ते डोळे मिटून टोमॅटो कुठवर आले असतील ते ठरवायचे.”

“लबाड! आणि मी वेडी इथे सगळ्यांना सांगत सुटलेय, आमचा पहिला टोमॅटो पिकला म्हणून. थांब, घरी आल्यावर बघतेच त्यांना. आज आले का नाहीत पण? गुडघा पुन्हा धरला?”

बाबा गवताची काडी उपटायला लागले. आईने डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

“टिल्डा, आजोबा गेले गं. नऊ तारखेला. झोपेतच.”

नऊ तारखेला तिने पहिल्यांदा तळं पोहून पार केलं होतं. ओल्या केसांनीच बसून तिने आजोबांना कळवलं होतं, ‘एकदासुद्धा दोरी धरली नाही.’

“माझ्याशिवाय उरकलंत?”

“इतकी रमली होतीस तू,” आई म्हणाली. “यंदा पहिल्यांदाच रडली नव्हतीस. शिबिराच्या बाईही म्हणाल्या, भेटीच्या दिवशी समोरासमोरच सांगा. पत्रं थांबवायची राहून गेली. मग वाटलं, येऊ देत.”

“जबाबदार व्हायला पाठवलंत ना मला? सहा चिमुरड्या दिल्यात इथे माझ्या ताब्यात. पाण्यात उतरताना माझा हात धरतात त्या. आणि मला एवढं सांगता आलं नाही तुम्हाला?”

शेजारच्या चादरीवर कुणीतरी कलिंगड कापत होतं.

“टोमॅटोंचं काय झालं?” तिने विचारलं.

“कुजले,” बाबा म्हणाले. “त्या गडबडीत वाफ्यातलं पावसाचं पाणी काढून द्यायचं कुणाला सुचलंच नाही.”

आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. “चल, सामान आवर. घरी जाऊ या. उरलेली पत्रं मी ऑफिसातून मागून घेते. सगळी एकदम वाच.”

“ए टिल्डा!” धक्क्यावरून मार्गो ओरडली. “जिंकलीस का गं?”

टिल्डाने बाहीला नाक पुसलं. बाहीच्या काठावर आईने तिच्या नावाची पट्टी शिवली होती. तिने सकाळचं पत्र खिशातून काढलं, घडी आणखी बारीक केली आणि पुन्हा आत ठेवलं.

“मी येत नाहीये,” ती म्हणाली. “अजून बारा पत्रं आहेत. ती कुणी मागायची नाहीत. मला रोज एकच हवंय.”