दुसऱ्या कुणाला तरी विचारा

“छाती हलतेय ती मशीनमुळे,” ताईनं तिसऱ्यांदा सांगितलं. “मेंदू गेलाय. सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासलंय.”

सुतारानं मान हलवली. त्याचा एकवीस वर्षांचा मुलगा रंगकाम करताना शिडीवरून पडला होता. आयसीयूशेजारच्या खोलीत टेबलावर संमतीचा फॉर्म पडला होता. त्यासाठी दिलेलं पेन सुतारानं सवयीनं कानावर अडकवलं होतं.

हॉस्पिटलात सगळे तिला ताईच म्हणत. अवयवदानाबद्दल नातेवाइकांशी बोलणं हे तिचं काम.

“शरीर काय आपल्या मालकीचं आहे, भावजी?” सुताराचा मेहुणा म्हणाला. “अल्लाहची अमानत आहे. दिली तशी परत करायची.”

“त्याच अल्लाहनं सांगितलंय, एक जीव वाचवला त्यानं सगळी माणसं वाचवली,” सुतार म्हणाला.

“मॅडमनी पढवलं वाटतं!”

“बाहेर पोस्टरवर लिहिलंय. डोळे आहेत मला.”

पोस्टर जवळच्या मशिदीतल्या मौलानांचं होतं. वारस राजी असतील आणि विक्री नसेल, तर अवयवदान जायज आहे, असं त्यांनी दोन वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात भाषणात सांगितलं होतं. तेव्हापासून मुसलमान घरात शंका निघाली की ताई त्यांना फोन लावायची. ते यायचे, कामापुरतं बोलायचे, निघून जायचे. चार घरांनी त्यांच्या शब्दावर सह्या केल्या होत्या.

“ते स्वतः म्हणाले तर मी सही करतो,” सुतार म्हणाला.

ताईनं फोन लावला. पाच मिनिटांत मौलाना दारात उभे. चला, सुटले, असं तिला वाटलं.

मौलानांनी सुताराचा हात हातात घेतला. मुलासाठी दुआ मागितली. मग ताईकडे वळून त्यांनी विचारलं, “काय काय द्यायचं आहे?”

“यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडं.”

मौलाना खुर्चीत बसले.

“आणि जाणार कुणाला?” मेहुण्यानं विचारलं. “ते तरी कळू द्या.”

“ते सांगता येत नाही. मलाही माहीत नसतं. घेणाऱ्यांची बाजू माझी मैत्रीण बघते. दोन्ही घरांना एकमेकांचा पत्ता लागू द्यायचा नाही, असा नियम आहे. उगाच कुणावर दबाव नको.”

“मौलाना,” सुतार म्हणाला, “हो की नाही, एवढंच सांगा.”

मौलानांनी खिशातून फोन काढला.

“मला विचारू नका. दुसऱ्या कुणाला तरी विचारा. मी एका मुफ्तींचा नंबर देतो, माझ्यापेक्षा जाणकार आहेत.”

ताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

मुफ्तींचा फोन बंद होता. पुन्हा लावला, बंदच. नर्स आत डोकावून म्हणाली, “रक्तदाब घसरतोय, ताई. औषध वाढवलंय, पण फार वेळ नाही धरणार.”

“मौलाना, बाहेर तुमचंच पोस्टर आहे ना?” ताईचा आवाज चढला.

“आहे.”

“मग आज काय झालं?”

“ते सांगता येत नाही.”

“बघा!” मेहुण्यानं मांडीवर थाप मारली. “पोस्टरवर एक, पोटात एक. हो म्हणायचं असतं तर जीभ अडली असती का?”

सुतारानं कानावरचं पेन काढलं. “फतवा नको मला. बाप म्हणून सांगा. तुमचं मूल आत असतं, तर?”

मौलानांचे ओठ हलले. कपाळावर घाम आला होता. खोलीत एसी चालू होता.

“माझं मूल...” ते म्हणाले आणि थांबले. “नाही. मला विचारू नका.”

सुतारानं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. लाकडातली भेग शोधावी तसं. मग फॉर्म ताईकडे सरकवला.

“माझं पोर तुटफूट न करता परत द्या, ताई.” त्याचा आवाज फाटला. “आम्ही गुन्हेगार झालो का हो, मौलाना?”

“नाही,” मौलाना लगेच म्हणाले. एवढं एकच उत्तर त्यांनी न अडखळता दिलं. “देणं हे राजीखुशीचं. नाही म्हणण्यात कसलाही गुनाह नाही. मनात काही ठेवू नका.”

सुताराला मिठी मारून ते बाहेर पडले.

ताईनं नकाराचा मेसेज टाकला. लगेच फोन वाजला. तिची मैत्रीण होती. “मी दुसऱ्या हॉस्पिटलात अडकलेय गं. चौथ्या मजल्यावर यकृतासाठी एका मुलीला तयार ठेवलंय. तूच सांगून ये.”

जिना चढताना ताई मनातल्या मनात मौलानांना लाखोली वाहत होती. व्यासपीठावर सिंह आणि वेळ आली की शेपूट घालायचं!

खोलीत अकरा-बारा वर्षांची मुलगी ऑपरेशनच्या गाउनमध्ये बसली होती. डोळे हळदीसारखे पिवळे. शेजारी तिची आई.

“आज होणार नाही,” ताई म्हणाली. “त्या घरच्यांना नाही जमलं. पुन्हा नंबर लागेल.”

“कधी?” आईनं विचारलं. “डॉक्टर तर म्हणाले, हाच आठवडा...”



“मग मी बिस्कीट खाऊ का?” मुलगी म्हणाली. “सकाळपासून उपाशी ठेवलंय.”

“अब्बांना येऊ दे आधी.”

“ते काय, आलेच,” मुलगी दाराकडे बघून हसली.

ताई वळली. दारात मौलाना उभे होते.