खंडेनवमीचं कुंकू

खंडेनवमीला नरसय्या बायकोला, राजव्वाला, घेऊन सोलापुरातल्या आपल्या जुन्या कारखान्यावर गेला. तीस वर्षं चालवलेल्या मागाची पूजा करायची होती; कुंकवाचं ताट राजव्वाच्या हातात होतं. आत एकही माणूस नव्हता, पण माग खडखडत होते.

"आज तरी माग बंद ठेवा," तो फाटकाशी ओरडला.

"यंत्रांना विश्रांती लागत नाही," फाटकातून गोड आवाज आला. "पूजाही यंत्रानेच उरकली. तुम्हाला सरकारी भत्ता घरबसल्या मिळतो ना? आराम करा."

"भत्ता मागायला आलो नाही मी. माझ्या मागाला कुंकू लावायला आलोय."

आवाजाने तेच पुन्हा ऐकवलं.

नरसय्याने दोन्ही हात बायकोच्या ताटापुढे धरले. "राजव्वा, यांनाच लाव कुंकू. आज बंद ठेवलेल्या अवजारांची पूजा करतात. ही तर या यंत्रांनी कायमची बंद केलीत."