पहिलं माप

काचेचं दार आपोआप सरकलं आणि आक्काने दाराबाहेरच चप्पल काढली.

"आक्का, इथे चप्पल नाही काढायची," करिष्मा हळूच म्हणाली. म्हणण्याआधी तिने आजूबाजूला बघून घेतलं होतं. दारावरचा वॉचमन तोंड फिरवून हसत होता.

"आत धान्य हाय ना?" सासूने विचारलं. सून हो म्हणाली. "मग?" म्हणत आक्का अनवाणी आत शिरली.

खळ्यात चप्पल घालून जायचं नाही, हे त्यांच्या अंजूर गावात पोर चालायला लागलं की आधी शिकतं. आता अंजूरला खळी किती उरलीत ते विचारू नका. आक्काचं खळं होतं तिथे गोदाम उभं आहे आणि त्यात टीव्ही ठेवलेत म्हणतात. शेवटच्या पिकाचा तांदूळ तिने दोन वर्षं पुरवून पुरवून वापरला. तो गेल्या सोमवारी संपला. उभ्या जन्मात या बाईने तांदूळ विकत आणला नव्हता. करिष्माने मुलांसाठी पाकिटातला आणला, त्याला ती शिवलीसुद्धा नाही. भाताशिवाय जेवण झालं असं न मानणारी आक्का आठ दिवस अर्धी भाकरी मोडून ताटावरून उठत होती. तिचे दंड झोळीसारखे लोंबायला लागले होते, आणि करिष्माला आता खरंच भीती वाटत होती.

म्हणून हे दुकानं दाखवणं सुरू झालं. धामणकर नाक्यावर दुकानदार तांदळाच्या गोणीवर पाय टाकून फोनवर बोलत होता. आक्का पायरीवरूनच मागे फिरली. अंबाडी गावातल्या दुकानात तिने दोन दाणे दाढेखाली धरले. जुना म्हणून दाखवलेला तांदूळ पिठासारखा दबला आणि ती रिक्षात जाऊन बसली. आजचं हे तिसरं, हायवेच्या कडेचं, नवंकोरं. करिष्माला इथून फारशी आशा नव्हती. अशा दुकानात सगळं पाकिटात बंद, आणि आक्का दाणा चावल्याशिवाय कुणाचं ऐकायची नाही.

साबण, बिस्किटं, फरशी पुसायच्या बाटल्या अशा रांगा मागे टाकत दोघी शेवटच्या भिंतीशी वळल्या. आक्का जागच्या जागी थांबली.

तांदूळ होता. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडे लाकडी खण, आणि खणाखणात काठोकाठ तांदूळ. पांढरा, पिवळसर, लाल. लांब दाण्याचा, जाड दाण्याचा, जिऱ्याएवढा बारीक. खळ्यावरच्या राशी आक्काने जन्मभर पाहिल्या होत्या, पण एवढा एका जागी तिने कधीच पाहिला नव्हता. तिने पदर डोक्यावर घेतला.

शेत गेलं तेव्हा तिला वाटलं होतं, संपलं. तिच्यापुरतं नव्हे, तांदूळच संपला. आणि इथे तो असा ओसंडत होता. कुठेतरी कुणीतरी चिखलात वाकून हा लावला होता, कापला होता, झोडला होता. एवढ्या बायका, एवढ्या कंबरा. तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. आक्काला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

"इतका कुणी पिकवला गो?" तिने विचारलं.

करिष्माला ते काय माहीत. कुठून कुठून येतो, म्हणाली.

आक्काने लाल तांदळात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. हात लावू नये अशी पाटी समोरच होती. ती करिष्माने वाचली आणि इथे काम करणारी, लाल टी-शर्टातली एक मुलगी चालत येतानाही बघितली. छातीवरच्या पट्टीवर रंजिता लिहिलेलं होतं. आता ही चारचौघांत बोलणार, आणि आक्का चौथं दुकान बघायलाही तयार व्हायची नाही.

रंजिता जवळ येऊन थांबली. ती आक्काच्या उघड्या पायांकडे बघत राहिली.

आक्काने दोन दाणे दाढेखाली धरले. कट् असा आवाज आला. "जुना हाय," ती म्हणाली. करिष्माने घाईघाईने पाच किलो सांगून टाकले, आक्काचं मन फिरायच्या आत.

रंजिताने पिशवी काट्यावर उभी केली आणि मापटं भरलं. आक्काने ओठ घट्ट मिटले. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि ते म्हणायचं धन्याने. आपल्या खळ्यावर वर्षानुवर्षं ते तिनेच म्हटलं होतं. इथे धनी कोण, तिला कळेना. न म्हणता मोजलेला दाणा घशाखाली कसा उतरवायचा, तेही कळेना.

मापटं पिशवीत रितं झालं.

"लाभ," रंजिता पुटपुटली. सवयीने आल्यासारखं, स्वतःशीच.

आक्काने मान वर केली. "कुठली गो तू?"

"खारबावची."

"शेती हाय?"

दुसरं मापटं अर्ध्यावरच थांबलं. "होती," रंजिता म्हणाली.

आक्का पुढे झाली. खळ्यावर पोत्याचं तोंड धरतात तसं तिने पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. काट्यावरचे आकडे वेडेवाकडे पळायला लागले, पण तिकडे कुणीच बघितलं नाही.

"दोन म्हण पोरी," ती म्हणाली. "मना भूक लागली हाय."